कलम चौदा

डेसच्या भाषणांतले स्वल्पविराम माझे आहेत.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
आणि ऐकून कुणाला काय करायचंय?

डेस्मंड ट्रेगॉनिंग, वकील, पहिला मजला.
खाली मासे तळायचं दुकान,
त्यामुळे आमच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राला
व्हिनेगरचा वास यायचा.

वॅरिंडात तेव्हा वीजकेंद्राची चार धुरांडी होती
आणि खोकणारी माणसं,
बॉयलरभोवती अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा लेप थापणारी,
जेवणाच्या सुट्टीत त्याच लेपाचे गोळे करून
शाळकरी पोरांसारखी एकमेकांना मारणारी.
"आम्ही त्याला बर्फ म्हणायचो," थेओ काराव्हासनं सांगितलं,
"इथे दुसरा पडतो कुठे?"
मी ते तसंच टाइप केलं.
न्यायाधीशांनी वाचता वाचता चष्मा काढला.

थेओ गेला निकालाच्या अकरा दिवस आधी.
त्याची बायको एलेफ्थेरिया मात्र दर मंगळवारी येत राहिली,
पिशवीभर लिंबं घेऊन.
फी म्हणून नाही. झाडाला फार लागलीत म्हणून.

मग पक्षाची माणसं आली, जिना चढून धापा टाकत.
"कोर्टात एकेक माणूस सोडवतोस, डेस,
तिकडे कायदाच बदलता येईल."
त्याला पटलं.
खरं सांगायचं तर मलाही.

कुंपणाकुंपणावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला त्याचा चेहरा.
मॅगपाय डोक्यावर झेपावायचे दिवस,
आणि हा सायकलचं हेल्मेट घालून दारोदार.
शाळेच्या पटांगणात मतदान,
पावात सॉसेज, वर परतलेला कांदा.
चार हजारांनी आला.

मेलबर्नला हिरव्या गादीची बाकं. हा सगळ्यात मागे.
दर रविवारी हातानं लिहिलेलं भाषण आणून द्यायचा,
एका दमात धावत सुटलेली वाक्यं.
मी त्यांत श्वास घालायचे.

सातव्या वर्षी मंत्री. गाडी, ड्रायव्हर.
रविवार बंद झाले.
भाषणं आता तिकडेच तयार होत,
स्वल्पविरामांसकट.

आणि ते विधेयक. कलम चौदा:
दावा शेवटच्या पाळीपासून तीन वर्षांच्या आत.
आजार तीस वर्षं दबा धरून बसतो
हे डेसपेक्षा जास्त ठाऊक होतं कुणाला?

रात्री साडेदहाला फोन.
"ग्वेन, ऐक." त्यानं कलम वाचलं, सावकाश.
"कुठे फट दिसते का?"
मागे मतविभाजनाच्या घंटा वाजत होत्या;
दारं बंद व्हायच्या आत
उजवीकडे बसायचं की डावीकडे, तेवढंच उरतं तेव्हा.
मी म्हटलं, नाही. पक्कं बांधलंय.
"हो," तो म्हणाला. "मीच बांधलंय."

पुढच्या निवडणुकीत, त्याच शाळेच्या फाटकाशी,
एलेफ्थेरियानं त्याच्या हातून प्रचाराचा कागद घेतला,
चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला,
त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली
आणि आत गेली.
एकसष्ट मतांनी पडला.
दुसऱ्या पसंतीची मतं मोजता मोजता गुरुवार उजाडला.
मी तिला कधी विचारलं नाही.
माझंही सांगणार नाही.

आता परत पहिला मजला. खाली मोबाइल दुरुस्ती.
मृत्युपत्रं, कुंपणाची भांडणं.
धुरांडी गेल्या वर्षी पाडली,
लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला बसले होते.
कलम चौदा उभं आहे.
त्याच्याविरुद्ध डेस अर्ज करतो, एक पैसा न घेता,
आणि हरतो,
स्वतःच मारलेल्या गाठीला नखं लावत.

एलेफ्थेरियाच्या खुराड्यावर छप्पर म्हणून
त्याचा जुना चेहरा आहे, पालथा घातलेला.
कोंबड्यांनी मान वर केली तर हसताना दिसत असेल.
लिंबं येतात. थोडी. झाडही थकलंय.

काल त्यानं नवा अर्ज दिला,
सुरुवात "अध्यक्ष महोदय".
सवय.
मी ते खोडलं.
मग पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं,
दम लागला तिथे थांबले,
पेन्सिल टेकवली.